पेशींना खायला काय घातलंय?

आमच्या आजोबांची सही दरवर्षी बारीक होत गेली. दांडिया बाजारातल्या घरी त्यांची जुनी पासबुकं अजून आहेत. सुरुवातीची सही ऐसपैस, शेवटची मुंग्यांची रांग. बँकेतून सही जुळत नाही म्हणून परत पाठवलं तेव्हा डॉक्टर गाठले आणि पार्किन्सन कळला. मी तेव्हा बडोद्याला, महाराजा सयाजीराव विद्यापीठात बी.एस्सी. करत होते. पार्किन्सन आणि मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाकेंद्रं, या विषयाकडे वळले ती तिथून. याच विषयात पीएच.डी. करू पाहणाऱ्यांसाठी हे लिहितेय.

मेंदूचं वजन शरीराच्या साधारण 2 टक्के, पण ऑक्सिजन खातो जवळजवळ 20 टक्के. तो ऑक्सिजन वापरून ऊर्जा मायटोकॉन्ड्रियात तयार होते. 1982 साली कॅलिफोर्नियात नशेसाठी बनवलेल्या एका मालात एमपीटीपी नावाचं रसायन होतं. ते टोचून घेतलेले काही तरुण काही दिवसांतच पार्किन्सनच्या रुग्णांसारखे ताठरले. त्या रसायनापासून शरीरात जे बनतं ते मायटोकॉन्ड्रियातल्या श्वसनसाखळीचा, म्हणजे ऊर्जा बनवणाऱ्या प्रथिनांच्या साखळीचा, कॉम्प्लेक्स 1 हा टप्पा अडवतं. 1989 मध्ये तर खऱ्या रुग्णांच्या मेंदूतही तोच कॉम्प्लेक्स कमजोर आढळला. पुढे पार्किन आणि पिंक1 ही जनुकं सापडली. बिघडलेला मायटोकॉन्ड्रिया ओळखून त्याची विल्हेवाट लावणं हे त्यांचं काम. एवढा इतिहास पीएच.डी.च्या मुलाखतीला जाण्याआधी पक्का असू द्या.

आता माझी चूक. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर रोटेनोन नावाचं रसायन टाकत होते. तेही कॉम्प्लेक्स 1 अडवतं, म्हणजे पेशी मरायला हव्यात. चार महिने झाले, पेशी मजेत! मी डोस वाढवला, बाटली बदलली, रडलेसुद्धा. शेवटी माझ्या गाइड मॅडम म्हणाल्या, "अगं, त्यांना खायला काय घातलंयस?" माझ्या मीडियममध्ये, म्हणजे पेशी ज्या द्रवात वाढवतात त्यात, भरपूर ग्लुकोज होतं. कॅन्सरपासून मिळवलेल्या पेशी तेवढ्या साखरेवर मायटोकॉन्ड्रियाशिवायही भागवून नेतात. ग्लुकोज काढून गॅलॅक्टोज घातलं (या साखरेवर मायटोकॉन्ड्रियाशिवाय भागत नाही) आणि दुसऱ्याच दिवशी प्लेटच्या तळाला चिकटलेल्या पेशी गोल होऊन तरंगायला लागल्या. म्हणून कुठल्याही पेपरमध्ये मी निष्कर्षाआधी मीडियम वाचते.

ऊतीतून मायटोकॉन्ड्रिया वेगळे काढत असाल तर सगळं बर्फावर, आणि एकदा सुरू केलं की मध्ये चहाला उठायचं नाही. एडीपी (ज्यापासून मायटोकॉन्ड्रिया पेशीचं इंधन एटीपी बनवतात) घातल्यावर ऑक्सिजन ओढण्याचा वेग किती पटींनी वाढतो ते सर्वांत आधी तपासा. वाढतच नसेल तर ते मायटोकॉन्ड्रिया तुमच्या हातून मेलेत, आजाराने नव्हे. त्या दिवसाची रीडिंग वहीत ठेवा, थिसिसमध्ये घालू नका.

नेट-जेआरएफ, म्हणजे संशोधनाच्या सरकारी फेलोशिपची परीक्षा, एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षीच द्या. फेलोशिप पहिली दोन वर्षं जेआरएफ (ज्युनियर) आणि मग एसआरएफ (सीनियर) म्हणून चालते, पण पैसे दर महिन्याला वेळेवर येतील हे गृहीत धरू नका. मला एकदा सात महिने थांबावं लागलं. बाबांनी खोलीचं भाडं भरलं. गाइड निवडताना त्यांच्या पेपरांपेक्षा त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना भेटा. पीएच.डी.ला किती वर्षं लागली आणि पेपरवर पहिलं नाव कुणाचं आलं, एवढंच विचारा.

आणि परवानगी काढून एक दिवस न्यूरॉलॉजीच्या ओपीडीत बसा. तिथे रुग्णाला एक वाक्य लिहायला सांगतात. मी बसले त्या दिवशी एका काकूंची ओळ नीट सुरू झाली आणि संपेपर्यंत अक्षर वाचता येईना. तो कागद पाहिला तेव्हा माझं चौथं वर्ष चालू होतं. तुम्ही पहिल्याच वर्षी जा.