बर्सर्क वाचायला घेताय? या चुका टाळा

बर्सर्क अर्ध्यावर सोडलेले वाचक बरेच भेटतात. कारणं विचारली तर फिरून फिरून तीच निघतात: नायक आवडला नाही, काय चाललंय ते कळेना, किंवा एका जागी आल्यावर पुढचं बघवेना. तिसऱ्या कारणाला इलाज नाही, तो ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न. पहिली दोन मात्र बहुतेक वेळा वाचण्याच्या क्रमातून आणि घाईतून येतात आणि सहज टाळता येतात.

केंतारो मिउरा यांची ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, मालिका १९८९ साली जपानमध्ये सुरू झाली आणि १९९२ पासून ‘यंग ॲनिमल’ या मासिकात आली. ४१ खंड मिउरांच्या हातचे आहेत. २०२१ च्या मे महिन्यात ते गेले.

पहिल्या तीन खंडांवरून निकाल लावणं

सगळ्यात मोठी चूक हीच. नायक गट्स सुरुवातीला म्हणजे एक डोळा गेलेला, डाव्या हाताच्या जागी लोखंडी हात बसवलेला, माणसाएवढी तलवार घेऊन फिरणारा आणि कुणाशीच धड न वागणारा माणूस. वाचकाला वाटतं, चाळीस खंड याच्यासोबत काढायचे? पण पहिले तीन खंड हा परिणाम आहे. तिसऱ्या खंडाच्या शेवटाकडे गोष्ट मागे जाते, गट्सच्या जन्मापासून सुरू होते आणि हा ‘सुवर्णयुग’ भाग थेट चौदाव्या खंडापर्यंत चालतो. हा माणूस असा का झाला, हे तिथे कळतं. त्यामुळे निकाल लावायचाच असेल तर सहावा खंड संपल्यावर लावा. तोवर भाडोत्री फौजेचा नेता ग्रिफिथ आणि त्याच फौजेतली कॅस्का यांची नीट ओळख झालेली असते आणि पाचव्या खंडात झॉड या राक्षसी योद्ध्याशी गाठ पडलेली असते.

याच्या उलट सल्लाही खूप जण देतात: पहिले तीन खंड सोडा आणि सरळ सुवर्णयुगापासून सुरू करा. तो ऐकू नका. या जगाचा कायदा तिसऱ्या खंडात सांगितलाय. (हा खंड वाचला नसेल तर पुढचा परिच्छेद सोडून द्या.)

राक्षस झालेला सरदार काउंट मरणाच्या दारात असतो, त्याच्या रक्ताने बेहेलिट हे जादूचं अंडं जागं होतं आणि गॉड हँड नावाचे पाच देव अवतरतात. त्याने आणखी एक बळी दिला तर तो वाचेल. पण तो बळी कुठल्याही माणसाचा चालत नाही, स्वतःच्या काळजाचा तुकडा असेल अशाच माणसाचा लागतो. समोर उभी असते त्याची मुलगी. त्याच्या तोंडून होकार निघत नाही आणि त्याची नरकात रवानगी होते. या चारपाच पानांत पुढच्या सगळ्या मालिकेचा हिशेब मांडलाय. तो डोक्यात ठेवून चौथा खंड उघडला की सैनिकांच्या शेकोटीभोवतीच्या साध्या गप्पासुद्धा निश्चिंतपणे वाचता येत नाहीत. तो कायदा ठाऊक नसेल तर तीच पानं नुसती युद्धकथा वाटतात.

दोन बेहेलिटांची गल्लत

बेहेलिट म्हणजे डोळे, नाक, तोंड अस्ताव्यस्त पसरलेलं अंडं. योग्य घडी आली की ते अवयव जागेवर सरकतात, डोळ्यांतून रक्त येतं आणि ते किंचाळतं. पानं काळीपांढरी असल्यामुळे कुठलं अंडं कुठलं हे रंगावरून ओळखता येत नाही, आणि इथेच गोंधळ होतो. गट्सच्या पिशवीत असतं आणि त्याचा चिमुकला सोबती पक ज्याच्याशी खेळतो ते तिसऱ्या खंडातल्या काउंटकडून आलेलं. ग्रिफिथच्या गळ्यातलं वेगळं, ते किरमिजी. साध्या बेहेलिटाने माणसाचा अपॉसल होतो, म्हणजे गॉड हँड या पाच देवांचा राक्षसी अनुचर. किरमिजी बेहेलिटाने थेट गॉड हँडमधला नवा सदस्य घडतो, आणि तो घडवणारा ‘ग्रहण’ हा सोहळा २१६ वर्षांतून एकदाच येतो. पुढे कुठे अडलात तर आधी ‘हे अंडं कुणाकडचं?’ एवढं तपासा, निम्मी कोडी तिथेच सुटतात.

ॲनिमे पाहून चौदाव्या खंडापासून सुरू करणं

१९९७ ची २५ भागांची मालिका चांगली आहे, पण ती मूळ गोष्टीची जागा घेत नाही. तिच्यात पक नाही आणि स्कल नाइट हा कवटीच्या चेहऱ्याचा योद्धाही नाही. स्कल नाइट नसला की ग्रहणाचा शेवट लटकतो आणि पुढच्या खंडांत तो आला की हा कोण, कुठून आला, असं होतं. २०१६ ची मालिका सुवर्णयुगानंतरचं कथानक घेते, पण चौदा ते सोळा या खंडांतला ‘हरवलेली मुलं’ हा भाग जवळजवळ गाळून. ॲनिमेची ही जोडी पाहून पुढे गेलात तर पहिले तीन खंडही गेले आणि हा भागही गेला. ॲनिमे आधी पाहिला असला तरी पहिल्या खंडापासूनच सुरू करा. माहीत असलेला भाग भराभर वाचून होतो आणि गाळलेली पानं आपोआप सापडतात.

विकत घेताना चुकीच्या जागी थांबणं

इंग्रजीत डार्क हॉर्स या प्रकाशकाच्या दोन आवृत्त्या आहेत: सुटे खंड आणि २०१९ पासून आलेली मोठ्या आकाराची, जाड पुठ्ठ्याची डिलक्स. एका डिलक्समध्ये तीन खंड. पहिल्यात १ ते ३, दुसऱ्यात ४ ते ६, आणि असंच पुढे. चौदाव्यात ४० आणि ४१ यांच्या जोडीला मार्गदर्शिका आहे.

आता खरी मेख. ग्रहण बाराव्या खंडात लागतं आणि तेराव्यात पूर्ण होतं. डिलक्स चार बाराव्या खंडावर संपतं. म्हणजे तुम्ही मालिकेतल्या सगळ्यात भीषण प्रसंगाच्या ऐन मध्यात उभे आणि पुढचं पुस्तक हातात नाही. आयात केलेली पुस्तकं आपल्याकडे कधी मिळतात, कधी महिनोन्महिने मिळत नाहीत. म्हणून डिलक्स चार आणि पाच एकत्रच घ्या, आणि पाच घरी येईपर्यंत चार उघडू नका. खर्चाच्या दृष्टीने थांबायला चांगली जागा डिलक्स सातच्या शेवटी आहे. तिथे एकविसावा खंड संपतो आणि एक मोठा अध्याय मिटतो.

फार स्वस्त प्रती दिसल्या तर त्या स्कॅनवरून छापलेल्या असू शकतात. घेण्यापूर्वी आतलं एखादं रात्रीचं पान बघा. काळा रंग राखाडी पडला असेल आणि बारीक रेघा एकमेकींत मिसळून डाग झाले असतील तर घेऊ नका. मिउरांची ताकद त्या रेघांत आहे. त्या गेल्या तर उरतात फक्त संवाद.

पडद्यावर जोडपानं तुटणं

मांगा उजवीकडून डावीकडे वाचायची. पानात वरची उजवी चौकट आधी, मग तिच्या डावीकडची, मग खालची ओळ. उजवीकडे एक उंच चौकट आणि डावीकडे दोन छोट्या असतील तर आधी उंच, मग डावीकडची वरची, मग खालची. संवादाचे फुगेही त्याच दिशेने. प्रश्नाआधी उत्तर आल्यासारखं वाटलं तर फुगे उलटे वाचले जातायत. चौकटींभोवतीची जागा काळी दिसली तर बहुतेक वेळा तो भूतकाळ असतो.

ॲपमध्ये दोन बिघाड हमखास होतात. जोडपानाचे, म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेल्या एकाच चित्राचे, दोन्ही भाग एकत्र दिसतात पण डावा-उजवा उलटे लागलेत, तर दिशा चुकलीय. ‘उजवीकडून डावीकडे’ हा पर्याय निवडा. अर्धं चित्र या पानावर आणि अर्धं पुढच्यावर, तर सगळ्या जोड्या एका पानाने सरकल्यात. मुखपृष्ठ स्वतंत्र दाखवण्याचा पर्याय चालू किंवा बंद करून पाहा. राखाडी भागावर लहरी लहरी दिसत असतील तर पान पडद्याच्या मापात बसवताना छपाईचे ठिपके एकमेकांवर येतात. थोडं झूम करा, लहरी जातात.

फोनवर वाचू नका असं स्पष्टच सांगावं लागेल. दहा इंची टॅब्लेट उभा धरला तर एक पान जवळजवळ सुट्या खंडाच्या मापाचं दिसतं. तसंच वाचा आणि जोडपान आलं की आडवा करा.

फुगे वाचून पान उलटणं

ग्रहणाच्या प्रकरणांत शब्द फार थोडे आहेत. फक्त संवाद वाचणारा वाचक तेराव्या खंडातून अर्ध्या तासात बाहेर पडतो आणि म्हणतो, एवढा गवगवा कशासाठी? बाराव्या खंडातलं ते मैदान पुन्हा उघडून बघा. जमीन म्हणून जे पसरलंय ते दगड नाहीत, माणसांचे चेहरे आहेत, शेजारी शेजारी, क्षितिजापर्यंत. त्यातून जो हात वर येतो त्याच्या बोटांवर चेहरेच आहेत. पायाखाली काय आहे हे सैनिकांना कळण्याआधी तुमच्या लक्षात यावं, अशीच ती मांडणी आहे. सवय साधी लावा: पान उलटलं की आधी सगळं चित्र, मग फुगे. बारा आणि तेरा हे खंड एका बैठकीत दोन्ही संपवण्याचा हट्ट धरू नका, आणि त्याआधी गॉड हँडमधलं कुठलंही नाव इंटरनेटवर शोधू नका. पहिलंच चित्र सगळं फोडून टाकतं.

या देवांना आपल्या पुराणांच्या चौकटीत बसवणं

मराठी वाचकाकडून ही चूक अगदी स्वाभाविकपणे होते. असुराने तप करायचं, देवाने वर द्यायचा, वरात पळवाट असायची आणि त्या पळवाटेतून भस्मासुर संपायचा, हा साचा आपल्या अंगवळणी पडलाय. इथे तो शोधत बसलात तर हाती काही लागत नाही. व्हॉइड, स्लॅन, युबिक, कॉनराड, फेम्टो हे पाच जण सौद्यात फसवत नाहीत. किंमत आधी सांगतात, होकार घेतात आणि जे कबूल केलं ते देतात. भयानक आहे तो माणसाचा होकार. म्हणूनच पुढे सतरा ते एकवीस या खंडांतल्या मनोऱ्यावर छळ करणारे बहुतेक जण धर्मासाठी झटणारी माणसं आहेत, आणि ती पानं अपॉसलांच्या पानांइतकीच अंगावर येतात.

मग यांच्याही वर कोण? याचं उत्तर देणारं ८३ वं प्रकरण मासिकात छापून आलं होतं, पण मिउरांच्या इच्छेनुसार ते तेराव्या खंडात घेतलं नाही. तुमच्या प्रतीत पान गहाळ झालेलं नाही. ते प्रकरण इंटरनेटवर फिरतं, पण निदान एकविसावा खंड होईपर्यंत थांबा, आणि वाचलंत तरी लेखकाने बाजूला ठेवलेला मजकूर म्हणूनच वाचा. प्रकरणांच्या क्रमांकाचा आणखी एक घोळ असतो: सुरुवातीची १६ प्रकरणं ए-शून्य ते पी-शून्य अशी आहेत, आकडे त्यानंतर एकपासून सुरू होतात. त्यामुळे कुणी प्रकरणाचा आकडा सांगितला तर खंडही विचारून घ्या.

चित्रं आहेत म्हणून मुलांच्या हाती देणं

ही मालिका प्रौढांसाठी आहे. लैंगिक अत्याचार सुवर्णयुगाच्या सुरुवातीलाच, लहान मुलावर, येतो. तेराव्या खंडात तर तो पानंच्या पानं आहे. चौदा ते सोळा या खंडांत बळी जाणारी मुलं आहेत. हे वाचवणार नाही असं वाटत असेल तर ती पानं सोडा. काय घडलं एवढं कुणाकडून तरी ऐकून पुढे जाता येतं आणि गोष्ट तुटत नाही.

३६४ नंतर न थांबणं

३६४ वं प्रकरण २०२१ च्या सप्टेंबरमध्ये, मिउरांच्या निधनानंतर आलं. त्यावर ४१ वा खंड संपतो. ३६५ पासून, म्हणजे जून २०२२ पासून, त्यांचे शाळेपासूनचे मित्र कोउजी मोरी यांच्या देखरेखीखाली मिउरांच्याच स्टुडिओ गागाचे चित्रकार मालिका पुढे नेतायत. मिउरांनी मोरींना गोष्टीचा शेवट सांगितला होता, आणि जे सांगितलं तेवढंच लिहीन असं मोरींनी जाहीर केलंय. ४१ आणि ४२ सलग वाचलेत तर सगळं लक्ष रेघांची तुलना करण्यातच जातं आणि दोन्हींवर अन्याय होतो. मध्ये काही आठवडे जाऊ द्या, मग ४२ वा उघडा.