सरकारी कार्यालयात नवी वित्तीय प्रणाली आणताय? या चुका टाळा

मार्चअखेरीला एका कार्यालयात पाहिलेलं दृश्य. टेबलावर डावीकडे संगणक, उजवीकडे लाल कापडी बांधणीची अनुदान नोंदवही. लेखापाल आधी वहीत शिल्लक काढायचे, पेन्सिलीनं समासात लिहायचे आणि मग बीम्सच्या, म्हणजे राज्य सरकारच्या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीच्या, पडद्यावर तोच आकडा दिसतो का ते बघायचे. त्या दिवशी सव्वा लाखाचा फरक येत होता. "संगणक चुकतोय," ते म्हणाले. बीम्स येऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

बीम्स, पगारांसाठी सेवार्थ, सरकारी जमेसाठी ग्रास, केंद्राच्या योजनांसाठी पीएफएमएस एवढं सगळं अंगवळणी पडलेल्या महाराष्ट्रात आता महापालिका आणि महामंडळंही आपापल्या वित्तीय प्रणाली आणतात. चर्चा निविदेची, सर्व्हरची आणि सॉफ्टवेअरची होते. गाडी अडते ती मात्र या टेबलापाशी.

दायित्व न नोंदवणं

दायित्व म्हणजे दिलेल्या आदेशापोटी पुढे द्यावी लागणारी रक्कम. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. तरतूद, वितरित निधी आणि खर्च एवढंच धरणारी प्रणाली पुरेशी वाटते, कारण तरतुदीबाहेरचं देयक ती अडवते. पण पैसा बांधला जातो तो देयकाच्या कितीतरी आधी.

समजा कार्यालयीन खर्चाखाली १० लाख आहेत. ऑगस्टमध्ये ६ लाखांच्या फर्निचरचा पुरवठा आदेश निघाला. माल नोव्हेंबरात आला, देयक फेब्रुवारीत येणार. डिसेंबरात साहेब विचारतात, "शिल्लक किती?" पडदा सांगतो, १० लाख. साहेब आणखी ७ लाखांच्या कामावर सही करतात. फेब्रुवारीत १३ लाखांची देयकं टेबलावर येतात, प्रणाली १० लाखांवर थांबते आणि आपलं काम चोख करते. कागदावर जास्तीचा खर्च शून्य. दारात मात्र ३ लाखांसाठी पुरवठादार उभा. पुढच्या वर्षीची तरतूद एप्रिल उजाडायच्या आत तेवढी खाल्लेली असते.

उपाय साधा आहे. पुरवठा आदेशाला आणि कार्यादेशाला क्रमांक प्रणालीतूनच मिळावा, क्रमांक घेताना तेवढी रक्कम शिल्लकेतून बाजूला पडावी आणि क्रमांक नसलेल्या आदेशाचं देयक आवक टेबलावरच परत जावं. यातलं शेवटचं वाक्य कार्यालयीन आदेशात लिहून घ्या. विरोध लिपिकांकडून फारसा होत नाही, तो वरून होतो. पैसे नसताना कामं वाटायची सोय जाते ना!

लेखाशीर्षावर सगळा भार टाकणं

लेखाशीर्ष म्हणजे खर्च कशावर झाला ते सांगणारा क्रमांक. केंद्राच्या रचनेत तो १५ अंकी: मुख्य शीर्षाचे ४, उपमुख्यचे २, गौणचे ३, मग उपशीर्ष, तपशीलवार शीर्ष आणि उद्दिष्ट शीर्ष यांचे प्रत्येकी २. प्रत्येक विभागाला वाटतं की तालुका, निधीचा स्रोत, लाभार्थ्याचा प्रवर्ग सगळं यातच दिसावं. मग उपशीर्षं वाढत जातात आणि यादी इतकी लांबते की लिपिक नावासारखं नाव दिसलं की पहिलंच शीर्ष निवडतो. ते उघडकीस येतं महालेखापाल कार्यालयाशी खर्चाचे आकडे जुळवताना. शीर्ष आहे तेवढंच ठेवा. ठिकाण आणि स्रोत यांच्यासाठी वेगळे रकाने करा.

डोंगल एकाच ड्रॉवरमध्ये

पंधराव्या वित्त आयोगाचा निधी खर्चताना ग्रामपंचायतीत ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या संगणक प्रणालीवर दोन डिजिटल स्वाक्षऱ्या लागतात. कल्पना चांगली: एकानं नोंद करायची, दुसऱ्यानं तपासून मंजूर करायची. पण दोन्ही डोंगल (डिजिटल स्वाक्षरीच्या पेनड्राइव्हसारख्या चाव्या) संगणक चालवणाऱ्या मुलाच्या ड्रॉवरमध्ये आणि दोन्ही पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीवर, असं चित्र मी स्वतः पाहिलं आहे. त्या मुलाबद्दल माझी तक्रार नाही. त्याच्यावाचून काम चालत नाही हेच खरं दुखणं.

याचं टोक गाठलं मलावीनं. आफ्रिकेतल्या या छोट्या देशात सरकारी देणी एकात्मिक वित्तीय प्रणालीतून दिली जात. न झालेल्या पुरवठ्यापोटी खासगी कंपन्यांना पैसे दिले जायचे आणि मग प्रणालीतली नोंद पुसली जायची. सप्टेंबर २०१३ मध्ये प्रकरण फुटलं. बाहेरच्या लेखापरीक्षकांनी एप्रिल ते सप्टेंबर या काळातल्या सुमारे १३.६ अब्ज क्वाचांवर (क्वाचा हे तिथलं चलन) बोट ठेवलं. ‘कॅशगेट’ नावानं ते गाजलं आणि मदत देणाऱ्या देशांनी हात आखडता घेतला. पुसलेली नोंद पडद्यावर दिसत नाही, पण बँकेच्या विवरणपत्रातून पैसे गेलेले दिसतातच. दर महिन्याला ताळमेळ घेतला असता तर इतकी मजल गेली नसती.

म्हणून नोंद पुसायची सोय कोणालाच देऊ नका, खुद्द प्रणाली चालवणाऱ्यालाही नाही. चूक झाली तर उलट नोंद घालायची. जुनी ओळ तशीच राहू द्यायची. शिवाय अधिकाऱ्याची बदली झाली की कार्यमुक्तीच्या दिवशीच त्याचं लॉगिन बंद करा. निरोप समारंभाचा हार लक्षात राहतो, हे राहत नाही.

जुना माल जसाच्या तसा आणणं

वीस वर्षांचे व्यवहार नव्या प्रणालीत भरू नका. सुरुवातीच्या शिल्लका, चालू दायित्वं, न फिटलेली अग्रिमं (आगाऊ उचल) आणि संक्षिप्त देयकांवर, म्हणजे खर्चाचा तपशील नंतर देण्याच्या बोलीवर, उचललेल्या पण तपशीलवार देयक न आलेल्या रकमा एवढं पुरे. तेही कोणीतरी सही करून खरं आहे म्हणावं.

पुरवठादारांची खाती मात्र नव्यानं तपासा. देना आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोद्यात विलीन झाल्या, पण त्यांचे जुने आयएफएससी १ मार्च २०२१ पासून बंद झाले. असे जुने कोड यादीत राहिले की पैसे परत येतात, नेमके मार्चच्या गर्दीत.

नियम आणि प्रणाली एकदम बदलू नका, हेही इथेच सांगतो. केंद्रपुरस्कृत योजनांसाठी एकल नोडल खात्याची (राज्यात एका योजनेचा पैसा एकाच मुख्य बँक खात्यात ठेवायची) पद्धत केंद्राच्या २३ मार्च २०२१ च्या पत्रानं आली आणि १ जुलैपासून लागू झाली. मध्ये जेमतेम तीन महिने. तुमच्या हातात तारीख असेल तर प्रशिक्षण ऑक्टोबर-नोव्हेंबरात उरका. मार्चमध्ये लेखा शाखेतल्या माणसाला काही शिकवायला जाऊ नये.

आकडा जुळत नाही तेव्हा

लगेच तांत्रिक मदतीला फोन लावू नका. आधी तारखा बघा: देयक सादर झाल्याची, पारित झाल्याची आणि बँकेतून रक्कम गेल्याची. मग परत आलेली अदायगी शोधा. मग चुकीच्या शीर्षाखाली पडलेला खर्च. मग प्राधिकार चिठ्ठ्या, म्हणजे देयकापुरती रक्कम शिल्लकेतून बाजूला काढणाऱ्या प्रणालीतल्या चिठ्ठ्या: चिठ्ठी काढून देयक पाठवलंच नसेल तर रक्कम अडकून पडते. एवढं करूनही फरक राहिला तरच सॉफ्टवेअरकडे वळा.

आणि हो, जुनी नोंदवही बंद करायची तारीख आधीच ठरवा. दोन-तीन महिने दोन्ही चालवा, त्यानंतर वही शिक्का मारून अभिलेख कक्षात.

त्या लेखापालांचा सव्वा लाख आम्ही तासाभरात शोधला. जानेवारीत कोषागारानं एक देयक आक्षेप लावून परत केलं होतं. त्याची चिठ्ठी रद्द झाली, शिल्लक पडद्यावर परत आली. वहीतली ओळ खोडायची राहून गेली होती.