जुना आवडता पिक्चर मित्रांच्या गळी कसा उतरवायचा

सगळ्यात आधी 'मास्टरपीस आहे रे, बघच' हे वाक्य बंद करा, त्याने समोरचा हमखास जांभई देतो. एकच सीन सांगा. मी 'कुंकू'बद्दल सांगताना (१९३७ चा, प्रभात फिल्म कंपनीचा, दिग्दर्शक व्ही. शांताराम) भिंतीवरच्या घड्याळापासून सुरू करतो, म्हातारा नवरा झालेत केशवराव दाते, कोवळी बायको झालीय शांता आपटे, आणि ते घड्याळ टिकटिक करत त्याचं वय मोजत बसतं, बस एवढंच, शेवट अजिबात फोडायचा नाही.

मग कानाला एक काम द्या. या पिक्चरला वेगळं पार्श्वसंगीत नाहीये, जे ऐकू येतं ते घरातलं आणि रस्त्यावरचंच, हे आधी सांगितलं की लोक मोबाईल बाजूला ठेवून ऐकतात, निदान पहिला अर्धा तास तरी. हिंदीवाला मित्र असेल तर त्याला 'दुनिया न माने' दाखवा, तेव्हाच बनवलेली हिंदी आवृत्ती आहे ती.

प्रिंट खराब असते, आवाज खरखरतो, हे आधीच कबूल करून टाका. चहा मध्यंतरात, आधी नको.

बघून झाल्यावर लगेच 'कसा वाटला?' विचारू नका, 'बरा होता' एवढंच मिळतं. त्यापेक्षा 'त्या म्हातार्‍याची कीव आली का तुला?' विचारा. आमच्याकडे यावरून रात्री दीडपर्यंत भांडण चाललेलं, मी म्हणतो येते, बायको म्हणते कशाला यायला पाहिजे, आणि कुणाला 'स्लो' वाटला तर वाटू दे, पुढच्या वेळी त्याचा आवडता लावायचा आणि आपण गप बघायचा.