फिलाडेल्फियाला मुलांची ट्रिप न्यायचीये? आधी हे वाचा

आमच्या न्यू जर्सीच्या मराठी शाळेची मुलं घेऊन गेलो होतो, तेव्हा जे कळलं ते सांगते. सगळ्यात आधी इंडिपेन्डन्स हॉलची (जिथे अमेरिकेचं संविधान तयार झालं ती इमारत) तिकिटं बघा, आत वेळ ठरवूनच सोडतात आणि मोठ्या ग्रुपला ऐनवेळी एकत्र जागा मिळणं कठीण, म्हणून तारीख ठरली की लगेच बुकिंग करून टाका, बाकीचा दिवस त्या वेळेभोवती बसवा. लिबर्टी बेल, म्हणजे ती तडा गेलेली प्रसिद्ध घंटा, बघायला फुकट आहे, तिकीट लागत नाही, पण दोन्हीकडे सिक्युरिटी चेक असतो, त्यामुळे मुलांना छोट्या बॅगा आणायला सांगा.

हॉलमध्ये मुलांना जॉर्ज वॉशिंग्टनची खुर्ची नक्की दाखवा. पाठीवर अर्धा सूर्य कोरलाय, १७८७ ला संविधान झाल्यावर ते बनवणाऱ्यांपैकी बेंजामिन फ्रँकलिन म्हणाला होता की हा उगवताच आहे, मावळता नाही. हे आधीच सांगून ठेवलं ना की मुलं बरोब्बर तिकडेच बघतात!

घंटेची गंमत अशी की जी रुंद फट दिसते ती मुद्दाम कोरलीये, १८४६ मध्ये, आधीच्या बारीक तड्याच्या कडा एकमेकींवर घासू नयेत म्हणून. नीट बघितलं तर त्या फटीच्या वरती बारीक केसासारखी दुसरी चीर गेलेली दिसते, तिनेच घंटा कायमची बंद पडली. मुलांना ती शोधायला लावा, खूप रमतात.

सात-आठ मुलांमागे एक मोठं माणूस ठेवा, आणि जेवणाचे डबे बसमध्येच.