बडोद्यात नवीन आलात आणि मुलाला 'एमएलए'त निबंध आणायला सांगितलाय?

बडोद्यात मुलं महिन्याभरात गुजराती बोलायला लागतात, त्याची काळजी करू नका. घोडं अडतं ते इंग्रजी निबंधावर. आंतरराष्ट्रीय बोर्डाच्या शाळेत टीचर एवढंच सांगतात, "एमएलएमध्ये आणा." एमएलए म्हणजे निबंधाची मांडणी कशी करायची आणि संदर्भ कसे द्यायचे, याची एक ठरलेली पद्धत.

आम्ही साताऱ्याहून दांडिया बाजारात राहायला आलो, तेव्हा मला वाटलं ही आपल्याकडच्या प्रोजेक्ट फाइलसारखीच भानगड. लेकीनं रंगीत शीर्षक, खाली दुहेरी रेघ, चारी बाजूंनी नक्षी असं सगळं केलं. वर स्पायरल बाइंडिंग. गुण कापून आले, कारण यातलं काहीच नको होतं. शीर्षक मधोमध, पण साध्याच अक्षरांत. वेगळं मुखपृष्ठही नाही.

वर्डमध्ये समास चारी बाजूंनी २.५४ सेंटिमीटर, म्हणजे एक इंच. टाइम्स न्यू रोमन, १२ पॉइंट. ओळींतलं अंतर दुप्पट, पार शेवटच्या संदर्भयादीपर्यंत. वर्ड परिच्छेदानंतर गुपचूप थोडी जास्तीची जागा सोडतं, ती शून्य करा. पहिल्या खेपेला हेच कुणाच्या लक्षात येत नाही.

खरी गंमत नावाची. आपल्या मुलांच्या डोक्यात दाखल्यावरचं नाव पक्कं बसलेलं असतं: आडनाव, स्वतःचं नाव, वडिलांचं नाव. इथे पहिल्या पानावर डावीकडे आधी नाव, मग आडनाव; त्याखाली टीचरचं नाव, विषय, तारीख. उजव्या कोपऱ्यात प्रत्येक पानावर नुसतं आडनाव आणि पान क्रमांक. संदर्भयादीत मात्र लेखकाचं आडनाव आधी, मग स्वल्पविराम. लेक वैतागून म्हणाली, "आई, ठरवा ना एकदा काय ते!"

मजकुरात संदर्भ देताना कंसात आडनाव आणि पान: (जोशी ४५). मध्ये स्वल्पविराम नाही, 'पान' हा शब्दही नाही, आणि पूर्णविराम कंसानंतर. मानसशास्त्राचे सर एपीए ही दुसरी पद्धत मागतील. तिथे आडनावाशेजारी वर्ष येतं आणि मुखपृष्ठ वेगळं लागतं. दोन्हींची खिचडी करू नका.

पुस्तकांसाठी मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत न्या मुलांना. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून इथल्या वाचनालयांची घडी बसवली. पुस्तक परत करण्याआधी शीर्षकपानाचा आणि त्याच्या पाठच्या बाजूचा फोटो काढून ठेवा. प्रकाशक आणि वर्ष तिथेच असतं. आम्ही एकदा तेवढ्यासाठी भर दुपारी पुन्हा रिक्षा केली होती.

झेरॉक्सच्या दुकानात वर्डची फाइल देऊ नका, पीडीएफ न्या. त्याच्या कॉम्प्युटरवर फॉन्ट बदलतो, ओळी सरकतात आणि संदर्भयादी नव्या पानावर असायची ती मजकुराच्या खाली येऊन चिकटते.