यवतेश्वर घाटात बंद पडलेली पद्मिनी ओल्या फडक्याने चालू झाली
रविवारी आमच्या जुन्या गाड्यांच्या ग्रुपची सातारा ते कास ट्रिप होती, अंतर २५ किलोमीटरच्या आसपास, पण यवतेश्वर घाटात माझी १९७८ची प्रीमियर पद्मिनी कार आचके देत बंदच पडली. सेल्फ मस्त फिरतोय, प्लगला स्पार्क आहे, पण कार्बोरेटरला पेट्रोलच येईना. पंपाला हात लावला तर चटकाच बसला, म्हणजे व्हेपर लॉक, गरमीने पाइपात पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला ती ओढता येत नाही. बॉनेट उघडलं, पंपावर आणि पाइपवर ओलं फडकं गुंडाळलं, वरून थोडं थोडं पाणी, १५ मिनिटांत गाडी चालू! सगळे माझ्यासाठी थांबले होते, खरंच भरून आलं. घरी आल्यावर पाइप मॅनिफोल्डपासून (इंजिनातला गरम धूर बाहेर नेणारा भाग) लांब घेतला. आणि हो, तापलेल्या मॅनिफोल्डवर पाणी पडू देऊ नका, तडा जाऊ शकतो.