जुन्या विज्ञान संस्थेच्या इमारतीत नवी प्रयोगशाळा बसवताना

मुंबईत मादाम कामा मार्गावर जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यानुसार उभी राहिलेली विज्ञान संस्था १९२० मध्ये स्थापन झाली आणि २०१९ पासून ती डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठाचा भाग आहे. अशा दगडी इमारतीत आजच्या प्रयोगशाळा बसवायच्या असतील, तर आराखडे काढण्यापूर्वी एक पूर्ण पावसाळा इमारत न्याहाळण्यात घालवावा. कोणती भिंत ओल धरते आणि कोणती पन्हळ तुंबते, हे मार्चमधल्या पाहणीत कळत नाही. निविदा काढण्याची घाई मात्र नेमकी मार्चमध्येच असते.

दगडांच्या सांध्यांत नंतर कोणी सिमेंट भरले असल्यास ते छिन्नीने हलक्या हाताने काढून ते सांधे चुन्याने भरावेत. सिमेंटमधून ओल बाहेर पडत नाही, ती दगडातून वाट काढते आणि क्षार साठून दगडाचा पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटतो. चुन्याचे काम पाऊस ओसरल्यावर हाती घ्यावे आणि ओली गोणपाटे टाकून काही दिवस दमट ठेवावे.

जुन्या प्रयोगशाळेची फरशी उखडण्याआधी पाऱ्याची तपासणी अवश्य करावी. फुटलेल्या तापमापकांचा आणि दाबमापकांचा पारा फरशीच्या फटींत आणि बेसिनखालच्या वळणनळीत वर्षानुवर्षे पडून राहू शकतो. टेबलांवरचे ॲस्बेस्टॉसचे पत्रेही साध्या राडारोड्यात टाकू नयेत.

रसायनशास्त्राला वरचा मजला द्यावा, म्हणजे विषारी वायू खेचणाऱ्या कपाटांच्या नळ्या आखूड राहून थेट छपरावर जातात. यात पाणी गळण्याचा धोका आहे, तरी रस्त्याकडच्या दर्शनी भिंतीवर नळ्या चढवण्यापेक्षा तो पत्करावा. मुंबई वारसा संवर्धन समितीही त्या भिंतीकडे आधी पाहील. मात्र ही कपाटे खोलीतली हवा सतत बाहेर फेकतात, त्यामुळे तितकीच ताजी हवा आत आणण्याची सोय त्याच आराखड्यात हवी. जड आणि कंपनाला नाजूक उपकरणे तळमजल्यावर ठेवावीत.

संस्थेच्याच संकुलातील सर कावसजी जहांगीर सभागृहात १९९६ मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झाले. तिथे बाह्यरूप राखून आतली रचना पूर्ण बदलली गेली. प्रयोगशाळेसाठी मी इतके पुढे जाणार नाही. उपकरणे दर काही वर्षांनी बदलतात, म्हणून वायरी आणि नळ्या भिंतीत खाचा पाडून न बुजवता उघड्याच न्याव्यात, आणि त्यांचे खिळे दगडात न ठोकता चुन्याच्या सांध्यांत बसवावेत.